बारीक केबलची बाजू

गाडीत चांगला आवाज हवा म्हणून लोक स्पीकर बदलतात, ॲम्प्लिफायर बसवतात, डिकीत वूफरचा खोका टाकतात. या सगळ्या खर्चात सिग्नल केबलचा विचार सर्वांत शेवटी होतो, आणि होतो तोही बहुतेक वेळा चुकीच्या दिशेने. डॅशबोर्डमधल्या स्टिरिओपासून सीटखालच्या किंवा डिकीतल्या ॲम्पपर्यंत आवाजाचा नाजूक विद्युत संदेश नेणारी, दोन्ही टोकांना लाल-पांढऱ्या आरसीए पिना असलेली ही केबल. ॲक्सेसरीजच्या दुकानात ती मागितली की काउंटरवर सात-आठ मिलिमीटर जाडीची, रंगीत पारदर्शक वेष्टनातली, सोनेरी पिनांची जोडी येते. जितकी जाड तितकी चांगली, हे गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांनीही धरून चाललेलं असतं. माझं म्हणणं याच्या उलट आहे. अडीच-तीन मिलिमीटर जाडीची, आपल्या गाडीला नेमकी पुरेल एवढ्याच लांबीची, घरी नीट डाग देऊन तयार केलेली केबल बहुतेक गाड्यांत त्या जाड केबलपेक्षा चांगलं काम करते. हे पटवायचं तर गाडीतल्या आवाजात खरखर आणि शीळ नेमकी कुठून शिरते, ते समजून घ्यावं लागतं.

आधी या केबलमधून वाहतं तरी काय ते पाहू. साध्या स्टिरिओच्या मागच्या बाजूने फार तर २ व्होल्टचा संदेश बाहेर पडतो, महागड्या स्टिरिओतून ४ किंवा ५ व्होल्टचा. ॲम्पच्या इनपुटचा रोध साधारणपणे १० हजार ओहम किंवा त्याहून जास्त असतो. म्हणजे २ व्होल्टला केबलमधला प्रवाह भरतो ०.२ मिलिअँपिअर. आता आरजी-१७४ या नावाने मिळणारी, २.८ मिलिमीटर जाडीची कोॲक्शियल, म्हणजे मध्ये तार आणि तिच्याभोवती जाळी असलेली, केबल घेऊ. तिच्या मधल्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.३ ओहम आहे. वळणं घेत डिकीपर्यंत जाताना ५ मीटर केबल लागली, तर एकूण रोध झाला दीड ओहम. समोर १० हजार ओहम असताना या दीड ओहमने आवाजाच्या पातळीत जो फरक पडतो तो डेसिबलच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढा आहे. तो ऐकू येईल असा कान कुणाचाच नाही. जाड तांबं लागतं ते बॅटरीपासून ॲम्पपर्यंतच्या पॉवर केबलला, कारण ॲम्प जोरात वाजताना तिच्यातून चाळीस-पन्नास अँपिअर वाहू शकतात. पॉवर केबलचा हा नियम सिग्नल केबलला लावायचं काही कारण नाही.

जाणकार मंडळी यापेक्षा वजनदार आक्षेप घेतात. केबल बारीक झाली की मधली तार आणि बाहेरची जाळी एकमेकींच्या जवळ येतात, त्यांच्यामधला कपॅसिटन्स वाढतो आणि वरच्या पट्टीतले सूर, झांजेची किणकिण, तंबोऱ्याची जवारी, मंद होते, असं ते म्हणतात. कपॅसिटन्स वाढतो हे खरं आहे. सहा मिलिमीटरच्या आरजी-५९ मध्ये तो मीटरला ६७ पिकोफॅरडच्या आसपास असतो आणि आरजी-१७४ मध्ये सुमारे १००. मात्र त्याचा परिणाम कुठे सुरू होतो हे केबलला संदेश पुरवणाऱ्या यंत्राच्या आउटपुट रोधावर ठरतं. स्टिरिओचा हा रोध २०० ओहम धरला, तर ५ मीटर बारीक केबलमुळे वरचे सूर कमी व्हायला लागतात ते १६ लाख हर्ट्झच्या आसपास. रोध अगदी १००० ओहम धरला तरी हा आकडा ३ लाखांच्या वर राहतो. तरुण, निरोगी कानाची धाव २० हजार हर्ट्झपर्यंत असते आणि वयाबरोबर ती खाली येत जाते. तेव्हा या बाबतीत बारीक केबलने गमावण्यासारखं काही नाही.

तरीही हा समज इतका चिवट का, याला कारण आहे आणि ते आदरपूर्वक सांगायला हवं. आरसीए पिन अमेरिकेच्या रेडिओ कॉर्पोरेशनने १९३० च्या दशकात आणली ती रेडिओला ग्रामोफोन जोडता यावा म्हणून. पुढे चुंबकीय पिकअपचे टर्नटेबल आले, आणि त्यांच्या बाबतीत केबलचा कपॅसिटन्स खरोखरच ऐकू येत होता. अशा पिकअपमधल्या वेटोळ्याचा इंडक्टन्स सुमारे ५०० मिलिहेन्री असतो. त्याला ५०० पिकोफॅरडची केबल जोडली की दोघांची मिळून १० हजार हर्ट्झच्या आसपास एक अनुनाद-कंप्रता तयार होते. ती थेट आपल्या कानाच्या टप्प्यात येते. म्हणून रेकॉर्ड ऐकणाऱ्या जुन्या शौकिनांनी केबलबद्दल जे लिहिलं, ते त्यांच्या यंत्रांपुरतं बरोबर होतं. गाडीच्या स्टिरिओला मात्र ते लागू पडत नाही, कारण इथे संदेश पुरवणारं यंत्रच सर्वस्वी वेगळं आहे. ऑक्सिजनमुक्त तांब्याची गोष्ट याहून लहान आहे. साधं विद्युत प्रतीचं तांबंही ९९.९ टक्के शुद्ध असतं आणि दोघांच्या वाहकतेत फार तर एखाद्या टक्क्याचा फरक निघतो. दीड ओहमच्या एका टक्क्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

मग खरा शत्रू कोण? इंजिन चालू केल्यावर स्पीकरमधून येणारी आणि ॲक्सिलरेटर दाबला की चढत जाणारी शीळ बहुतेकांनी ऐकलेली असते. ती अल्टरनेटरची. अल्टरनेटर तीन फेजची वीज तयार करतो, सहा डायोड तिचं डीसी करतात, पण ते डीसी गुळगुळीत नसतं. त्यावर बारीक लाटा राहतात. बारा ध्रुवांच्या नेहमीच्या अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्याला अशा ३६ लाटा येतात. इंजिन ८०० फेऱ्यांवर नुसतं गुरगुरत असेल आणि पुली अल्टरनेटरला अडीचपट वेगाने फिरवत असेल, तर अल्टरनेटर मिनिटाला २००० फेरे घेतो आणि शिळेची पट्टी १२०० हर्ट्झ लागते. इंजिन ३००० वर गेलं की तीच ४५०० हर्ट्झवर पोचते. माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो साधारण याच भागात. म्हणून ही शीळ व्होल्टच्या मापात क्षुल्लक असली तरी कानाला टोचते.

ही लाट सिग्नलमध्ये शिरते कशी, इथे सगळ्या वादाचं मूळ आहे. स्टिरिओचा अर्थ, म्हणजे वीज परत जाण्याचा जोड, डॅशबोर्डमागे बॉडीला जोडलेला असतो आणि ॲम्पचा अर्थ डिकीत. गाडीची बॉडी पोलादी पत्र्याची, जागोजाग स्पॉट-वेल्ड केलेली, आणि तिच्यातूनच सगळ्या विजेचा परतीचा प्रवास होतो. त्यामुळे पुढच्या आणि मागच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक राहतो आणि त्या फरकात अल्टरनेटरची लाट मिसळलेली असते. आता आरसीए केबलच्या जाळीने हे दोन अर्थ एकमेकांना जोडले, की जाळीतूनही थोडा प्रवाह वाहू लागतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. आरसीए जोडणीत जाळी फक्त संरक्षण करत नाही, सिग्नलची परतीची वाटही तीच असते. मग जाळीवर पडलेलं नको ते व्होल्टेज सिग्नलमध्ये मिसळतं आणि ॲम्प ते इमानदारीने मोठं करून स्पीकरला देतो. ध्वनितंत्रज्ञांच्या जगात हा विषय चांगला तपासला गेला आहे. अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकाचा जून १९९५ चा अंक या प्रश्नासाठी आजही चाळला जातो. त्यात नील मन्सी यांनी जाळी यंत्राच्या आत चुकीच्या जागी जोडल्याने गोंगाट कसा शिरतो ते दाखवलं, आणि बिल व्हिटलॉक यांनी संतुलित जोडणीबद्दलचे गैरसमज खोडून काढले. साध्या आरसीए जोडणीत जाळीचा रोध कमी असणं महत्त्वाचं, हेही व्हिटलॉक सातत्याने सांगत आले आहेत.

इथेच बारीक केबलवरचा सर्वांत खरा आक्षेप उभा राहतो. जाळी बारीक, म्हणून तिचा रोध जास्त, म्हणून तिच्यावर पडणारा गोंगाट जास्त. आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे आणि तो आकड्यांनीच तोलायला हवा. आरजी-१७४ च्या जाळीचा रोध मीटरला सुमारे ०.०३५ ओहम, म्हणजे ५ मीटरला ०.१७५. भरगच्च तांब्याच्या जाळीच्या जाड केबलचा ५ मीटरला ०.०४३ च्या आसपास. समजा, पुढच्या-मागच्या अर्थमध्ये २० मिलिव्होल्टचा फरक आहे आणि लूपमधल्या बाकीच्या तारा व जोडांचा रोध ०.०५ ओहम आहे. ॲम्पच्या आरसीए जोडाची बाहेरची रिंग आतून थेट त्याच्या अर्थला जोडलेली असेल, तर बारीक केबलवर त्या वीसपैकी साधारण १६ मिलिव्होल्ट पडतील आणि जाड केबलवर ९. दोन व्होल्टच्या सिग्नलपुढे हे गोंगाट अनुक्रमे ४२ आणि ४७ डेसिबल खाली राहतात. जाड केबलने पाच डेसिबल मिळवून दिले हे मान्य, पण गाण्याच्या शांत जागी दोन्हीतली शीळ स्पष्ट ऐकू येणार. आता दुसरा ॲम्प घ्या, ज्याच्या आरसीए रिंग आणि अर्थच्या मध्ये ४७० ओहमचा रोध ठेवला आहे आणि जो मधलं टोक व रिंग यांच्यातला फरक तेवढाच उचलतो. तोच २० मिलिव्होल्टचा फरक आता जवळपास सगळा त्या ४७० ओहमवर पडतो. बारीक केबलच्या जाळीवर उरतात ७ मायक्रोव्होल्ट, म्हणजे सिग्नलच्या १०९ डेसिबल खाली. ॲम्पच्या स्वतःच्या अंगभूत सुसकाऱ्याच्याही ते खाली बुडतात. केबल जाड केल्याने गोंगाट दुपटीनेही कमी झाला नाही आणि ॲम्पचं इनपुट बरं निवडल्याने तो दोन हजार पटींनी कमी झाला. शीळ येते म्हणून केबल बदलत राहणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आपला ॲम्प यांपैकी कोणता, हे कळायला साधा मल्टिमीटर पुरतो. ॲम्पच्या सगळ्या तारा काढाव्यात आणि आरसीएची बाहेरची रिंग व अर्थचं टर्मिनल यांच्यातला रोध मोजावा. काट्याने शून्याशी लोळण घेतली तर दोन्ही आतून थेट जोडलेले आहेत, काही शे ओहम किंवा जास्त दाखवले तर वेगळे ठेवलेले आहेत. या मोजणीवरच आणखी एका जुन्या वादाचा निकाल लागतो. दोन तारा आणि वर जाळी अशी केबल घ्यावी, दोन तारांवरून सिग्नल न्यावा आणि जाळी फक्त स्टिरिओच्या टोकाला जोडून ॲम्पच्या टोकाला मोकळी सोडावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. काही तयार केबलवर बाण छापलेला असतो तो यासाठीच, सिग्नल त्या दिशेने चांगला धावतो म्हणून नव्हे. पण या रचनेत परतीची वाट जाळीऐवजी एका बारीक तारेची होते आणि तिचा रोध जाळीच्या कित्येक पट असतो. २६ गेजची तार धरली तर ५ मीटरला ०.६७ ओहम. ज्या ॲम्पची रिंग थेट अर्थला जोडलेली आहे, त्याच्या बाबतीत हा सल्ला नुकसानीचा ठरतो. तिथे जाळी दोन्ही टोकांना जोडलेली बरी. रिंग वेगळी ठेवलेल्या ॲम्पला ही रचना चालते, आणि दोन तारांना पीळ असल्यामुळे चुंबकीय गोंगाटाविरुद्ध ती उपयोगीही पडते.

चुंबकीय गोंगाट हा शिरकावाचा दुसरा मार्ग, आणि बारीक केबलची खरी बाजू इथे आहे. पॉवर केबलमधून खालीवर होणारा चाळीस अँपिअरचा प्रवाह आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची जाळी श्राव्य कंप्रतांच्या अशा क्षेत्राला जवळजवळ अडवत नाही. कितीही पदरांची असो, हे काम तिचं नाही. त्यावर इलाज दोनच आहेत. एक म्हणजे जाणारी आणि येणारी वाट एकमेकींना चिकटलेली किंवा पिळलेली ठेवणं, आणि दुसरा अंतर. लांब सरळ तारेभोवतीचं क्षेत्र ढोबळमानाने अंतराच्या प्रमाणात उतरतं. पॉवर केबलपासून २ सेंटिमीटरवर चिकटून जाणारी सिग्नल केबल १ मीटर दूर नेली की क्षेत्र पन्नासाव्या हिश्श्यावर येतं. दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही वेष्टनाने एवढा फरक पडत नाही. पण आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकमध्ये हे अंतर मिळवणं सोपं नाही. दाराखालच्या पट्टीत कारखान्याच्या तारांचा जुडगा आधीच कोंबलेला असतो, कार्पेटखाली फोम असतो, गिअरच्या बाजूच्या कन्सोलखाली जेमतेम फट असते. जाड केबल जिथे बसते तिथेच बसते, आणि पुष्कळदा ती जागा पॉवर केबलची वाट असलेल्या बाजूलाच निघते. बारीक केबल मधल्या बोगद्यावरून, दुसऱ्या बाजूच्या पट्टीतून, जिथून हवी तिथून जाते. स्पीकरगणिक वेगळा चॅनेल देणारी डीएसपीची (डिजिटल सिग्नल प्रोसेसरची) यंत्रणा असेल तर हा फरक आणखी मोठा होतो. सहा मिलिमीटरच्या आठ केबलींचा जुडगा जवळपास २ सेंटिमीटर जाडीचा होतो आणि दाराची पट्टी बसत नाही. अडीच मिलिमीटरच्या आठ केबली मिळून ८ मिलिमीटरच्या थोड्या वर जातात. म्हणजे केबल बारीक असल्यामुळे अंतर मिळतं आणि अंतरामुळे शांतता. माझ्या सगळ्या युक्तिवादाचा कणा हाच आहे.

हे पटलं तर प्रश्न उरतो, घरी का करायची? तयार बारीक केबली मिळतातही. पण त्या ठरावीक लांबीच्या असतात, आणि उरलेला दीड-दोन मीटर गुंडाळून ॲम्पजवळ, म्हणजे नेमका पॉवर केबलींच्या गर्दीत, कोंबला जातो. ते वेटोळं चुंबकीय गोंगाट पकडायला आयतं तयार असतं. शिवाय स्वस्त तयार केबलमध्ये जाळी म्हणजे पाच-दहा केसासारख्या तारांची विरळ गुंडाळी असते आणि साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या पिनेत जोड कसा आहे ते पाहायला वाव नसतो. घरी केलेल्या केबलमध्ये प्रत्येक डाग आपल्या डोळ्यांखालून गेलेला असतो. सामान दुर्मीळ नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाच्या परिसरात, केबल मीटरवर आणि धातूच्या पिना नगावर मिळतात. केबल घेताना टोक सोलून पाहावं. जाळी विणलेली आणि दाट हवी, तिच्यातून आतलं आवरण फारसं दिसता कामा नये. आरजी-१७४ स्वस्त आहे, पण तिचं आतलं आवरण पॉलिथिनचं असतं आणि ते डाग देताना वितळतं. टेफ्लॉनची आरजी-३१६ अडीच मिलिमीटर जाडीची असते, महाग पडते, पण २०० अंश सेल्सिअसपर्यंतचं तापमान सहन करते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या पुढे जाऊ शकतो, हे लक्षात घेता निदान डॅशबोर्डमधून जाणाऱ्या भागासाठी ती घेणं शहाणपणाचं.

डाग देण्यात एकच मेख आहे, ती म्हणजे वेळ. २५ ते ३० वॉटचं सोल्डरिंग आयर्न, ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं असलेली सोल्डर तार, जी १८३ अंशांना एकदम वितळते, आणि आत राळेचा फ्लक्स. नळजोडणीची आम्लयुक्त पेस्ट अजिबात वापरू नये. कोकण-गोव्याच्या दमट, खारट हवेत तिचा उरलेला अंश वर्षा-दोन वर्षांत जोड हिरवा करून खातो. आधी केबलवर पिनेचं टोपण आणि हीटश्रिंकचा, म्हणजे तापवल्यावर आकसणाऱ्या नळीचा, तुकडा सरकवून ठेवावा, मग बाहेरचं वेष्टन सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सोलावं. जाळी कापून टाकू नये. ती उलगडून एका बाजूला पिळून घ्यावी. एकही सुटी तार मधल्या गाभ्याकडे राहता कामा नये. जाळी, गाभा आणि पिनेची दोन्ही टोकं यांना आधी वेगवेगळी कल्हई द्यावी, मग जोड दोन-तीन सेकंदांत होतो. यापेक्षा जास्त वेळ आयर्न टेकवलं तर पॉलिथिन मऊ पडतं, पोलादी गाभ्याची ताठ तार त्यातून सरकून जाळीला टेकते आणि शॉर्ट होतो. कधी कधी हा शॉर्ट लगेच होतही नाही, उन्हाळ्यात गाडी तापल्यावर होतो, म्हणून ही घाई-सावधगिरी. काम हवेशीर जागी करावं आणि नंतर हात धुवावेत, शिसं आणि टेफ्लॉन दोन्हींसाठी.

बारीक केबल तुटते, हा आक्षेप व्यवहारातला आहे आणि योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. पण ती मधे तुटत नाही, पिनेच्या तोंडाशी तुटते, कारण सहा मिलिमीटरसाठी केलेली पिनेची पकड अडीच मिलिमीटरच्या केबलला धरतच नाही आणि सगळा ताण डागावर येतो. त्यासाठी केबलवर हीटश्रिंकचे दोन-तीन थर एकावर एक चढवून तेवढी जागा जाड करावी आणि मग पकड दाबावी. पत्र्याच्या भोकातून केबल जात असेल तिथे रबरी ग्रोमेट घालावं. उंदरांचा त्रास असलेल्या ठिकाणी नायलॉनची जाळीदार नळी चढवावी, बारीक केबलवर ती चढवूनही ती बारीकच राहते. डाव्या-उजव्या दोन केबली सुट्या सोडू नयेत. त्या थोड्या थोड्या अंतरावर एकमेकींना बांधत न्याव्यात, कारण दोघींच्या जाळ्यांमधली मोकळी जागा हेही एक वेटोळंच असतं. पॉवर केबल ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडावी. स्टिरिओच्या मागे वीतभर केबल ढिली ठेवावी, म्हणजे पुढे स्टिरिओ बाहेर काढताना जोड ओढले जाणार नाहीत. एका बाबतीत मात्र जराही धाडस करू नये. भारतात जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, आणि एअरबॅगच्या व सीटबेल्टच्या तारा डॅशबोर्ड, दाराची पट्टी, सीटखालचा भाग अशा आपल्या वाटेतच येतात. त्यांचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. ते उघडू नयेत, त्यांच्या तारांना आपली केबल बांधू नये.

राहिला कानाचा आक्षेप. महाग केबल लावली आणि फरक ऐकू आला, असं प्रामाणिकपणे सांगणारे अनेक आहेत. त्यांनी तो अनुभवलेला असतो यावर माझा विश्वास आहे. पण अनुभवाचं कारण केबलच आहे का, हे शोधायची पद्धत आहे. कोणती गोष्ट वाजते आहे हे ऐकणाऱ्यापासून लपवून ठेवण्याची एबीएक्स चाचणी बेल प्रयोगशाळेच्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्ये मांडली आणि १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी तिला घरगुती ध्वनियंत्रांच्या तुलनेसाठी शिस्तबद्ध रूप दिलं. तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पातळीतला अर्ध्या डेसिबलचा फरक आपल्याला मोठेपणा म्हणून कळत नाही, तो उजळपणा, खोली, स्पष्टता म्हणून जाणवतो. नवी केबल घालताना कुणी ॲम्पचा गेन किंचित हलवला, जुन्या पिनेवरचा गंज नव्या पिनेने घासून निघाला, ढिली रिंग घट्ट बसली, तर खरोखर फरक पडतो. तो जोडाचा फरक असतो. बारीक केबलवर चांगली पिन नीट बसवली की तोच फरक तिथेही मिळतो.

वाहन उद्योगाने हा प्रश्न कसा सोडवला, तेही पाहण्यासारखं आहे. कारखान्यातून वेगळा ॲम्प लावून येणाऱ्या अनेक गाड्यांत स्टिरिओपासून ॲम्पपर्यंत जाडजूड आरसीए केबल नसतेच. पिळलेल्या दोन बारीक तारा असतात, कित्येकदा जाळीशिवाय, आणि ॲम्प त्यांच्यातला फरक तेवढा वाचतो. बीएमडब्ल्यूने २००१ च्या ७ सिरीजमध्ये आवाज प्लास्टिकच्या प्रकाशतंतूंवरून नेला, तिथे अर्थचा संबंधच तुटला. अलीकडे ॲनालॉग डिव्हायसेसची ए-टू-बी ही पद्धत एकाच पिळलेल्या जोडीवरून अनेक चॅनेलचा डिजिटल आवाज आणि वीज दोन्ही नेते. वजन, जागा आणि खर्च यांचा ग्रॅम-पैशांपर्यंत हिशेब करणाऱ्या या अभियंत्यांनी गोंगाटाविरुद्ध केबल जाड केली नाही, जोडणीची रीत बदलली. अशा गाडीत बाहेरचा ॲम्प बसवताना मात्र कारखान्याच्या तारा कापण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचून घ्याव्यात.

केबल तयार झाली की गाडीत ओढण्याआधी मल्टिमीटरने दोन्ही टोकं जुळतात का आणि पिनेचं मधलं टोक व रिंग कुठे एकमेकांना लागत तर नाहीत ना, हे केबल हलवत, पिना वाकवत तपासावं. जोडताना स्टिरिओ आणि ॲम्प दोन्ही बंद असावेत. चालू यंत्रात पिना घातल्या तर काही स्टिरिओंच्या आत आरसीएच्या अर्थसाठी असलेला अगदी लहान फ्यूज उडतो, आणि मग जी शीळ सुरू होते तिचा दोष नाहक नव्या केबलवर येतो. सगळं जोडून इंजिन चालू केल्यावर शीळ आलीच, तर चार मोकळ्या पिना घेऊन त्यांचं टोक आणि रिंग आतून जोडावेत. प्रत्येक बदल करताना यंत्रणा बंद करायला विसरू नये. आधी केबल काढून या पिना ॲम्पच्या इनपुटमध्येच घालाव्यात. शीळ राहिली तर ती ॲम्पच्या पॉवरमधून, अर्थमधून किंवा स्पीकरच्या तारांतून येते आहे. गेली तर केबल परत ॲम्पला जोडावी आणि स्टिरिओकडचं टोक सोडवून तिथे या पिना जोडकाने लावाव्यात, बॉडीला टेकू न देता. आता शीळ आली तर केबलची वाट चुकली आहे, ती पॉवर केबलपासून दूर न्यायला हवी. नाही आली, आणि स्टिरिओ जोडल्यावरच आली, तर अर्थ तपासायचा. रंग खरवडून नागड्या पत्र्यावर घट्ट बसवलेला बोल्ट, शक्य तितकी आखूड आणि पॉवर केबलइतकीच जाड अर्थची तार, आणि स्टिरिओच्या अर्थचा स्वतंत्र, स्वच्छ जोड. पैसे आणि जाड तांबं खर्चायचं ते इथे.